दहा टीम फिरलेला खेळाडू चांगला कोच का होतो, आणि कुठे फसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे की एनबीएतले, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगमधले स्टार हेड कोच म्हणून फारसे दिसत नाहीत, आणि जे दरवर्षी टीम बदलत फिरले, मॅचला जेमतेम पंधरा मिनिटं खेळले, तेच पुढे कोचच्या खुर्चीत दिसतात, हे असं का? विचारणाऱ्याने शेवटी जोडलंय की मी युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलो, आता कोचिंगमध्ये यायचं डोक्यात आहे, तर यातून माझ्या कामाचं काय? मी स्वतः डिपार्टमेंटच्या टीमकडून बरीच वर्षं खेळलो, त्यातली बरीचशी बेंचवर, मग पटियालाला जाऊन एनआयएसचा कोचिंगचा कोर्स केला आणि तेव्हापासून मुलांना शिकवतोय. जे वाटतं ते सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या.

बेंचवर बसून गेम कळतो हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं आणि ते अर्धवट आहे. तसं असतं तर आमच्या वेळचे निम्मे लोक आज इंडियाचे कोच असते. बेंचवर बसून बहुतेकांना फक्त राग येतो. तेव्हा ज्यांचं झालं त्यांच्या बाबतीत नेमकं काय झालं ते बघू.

२००१ ची फायनल घ्या, लेकर्स विरुद्ध फिलाडेल्फिया सिक्सर्स. लोकांना त्यातलं आठवतं ते एवढंच की पहिल्या मॅचमध्ये सिक्सर्सच्या ॲलन आयव्हरसनने ४८ पॉइंट केले, ओव्हरटाइममध्ये लेकर्सच्या बेंचसमोर त्यांच्या टायरॉन ल्यूवर उडी मारून शॉट मारला, ल्यू खाली पडला आणि आयव्हरसन त्याला ओलांडून पुढे गेला. तो फोटो अजून फिरतोय. पुढच्या चारही मॅच लेकर्सनी घेतल्या, सिरीज ४-१. आता त्या दोन टीमच्या याद्या समोर ठेवा आणि पुढे एनबीएत किंवा मोठ्या कॉलेजात हेड कोच कोण झालं ते मोजा. लेकर्सकडून ल्यू, ब्रायन शॉ, डेरेक फिशर, मार्क मॅडसन. सिक्सर्सकडून केविन ऑली आणि ॲरन मकी. यातले तिघे एनबीएत (ल्यू क्लीव्हलंड आणि नंतर क्लिपर्स, शॉ डेन्व्हर, फिशर न्यूयॉर्क) आणि तिघे कॉलेजात (मॅडसन युटा व्हॅली आणि मग कॅलिफोर्निया, ऑली यूकॉन म्हणजे कनेटिकट युनिव्हर्सिटी, मकी टेम्पल). आणि त्या सिरीजमधले तीन सगळ्यात मोठे, शॅक, कोबी, आयव्हरसन? एकही नाही. कोबी मुलीच्या टीमला शिकवायचा तेवढंच. वर लेकर्सचा कोच फिल जॅक्सन, तोही खेळाडू म्हणून न्यूयॉर्क निक्सच्या बेंचवरचा माणूस, आणि हेड कोच म्हणून त्याची सुरुवात झाली ती सीबीए नावाच्या खालच्या लीगमध्ये, आल्बनीला.

ल्यू त्या फायनलमध्ये कशासाठी होता ते बघा. प्रॅक्टिसमध्ये लेकर्सनी त्याला आयव्हरसन बनवलं होतं. म्हणजे आयव्हरसन जसा बॉल घेतो, जिकडून स्क्रीनवर पळतो (स्क्रीन म्हणजे आपल्याच खेळाडूने अडवणाऱ्याच्या वाटेत उभं राहून दिलेली आड), जिथे थांबतो, तसंच ल्यूने करायचं आणि मेन टीमने त्याला अडवायची सवय करायची. याला स्काउट टीम म्हणतात, आणि माझ्या मते फिरस्त्या खेळाडूचं खरं शिक्षण इथे होतं, बेंचवर नाही. स्टारला स्वतःचा गेम खेळायचा असतो. अकराव्या-बाराव्या खेळाडूला समोरच्या टीमचे प्ले, म्हणजे ठरवलेल्या चाली, पाठ करून, दुसऱ्याच्या अंगात शिरून खेळायचं असतं, पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच्या. असं आठ-दहा वर्षं करा, तुमच्या डोक्यात अख्खी लीग बसते. कुणी सांगून शिकवत नाही, पोटासाठी शिकावं लागतं.

आता यातला केविन ऑली घेतो, कारण त्याच्यात दोन्ही बाजू दिसतात, चढ पण आणि उतार पण. लॉस एंजेलिसचा मुलगा, यूकॉनला जिम कॅल्हूनच्या हाताखाली चार वर्षं खेळला, १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, कुणीच घेतला नाही. मग दोन वर्षं सीबीएत, कनेटिकट प्राइड नावाच्या टीमकडून. एनबीएत शिरला १९९७ ला आणि तिथे १३ सीझन टिकला, पण कसा? डॅलस, ऑरलँडो, सॅक्रामेंटो, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, शिकागो, इंडियाना, मिलवॉकी, सिॲटल, क्लीव्हलंड, मिनेसोटा, ओक्लाहोमा सिटी. ऑरलँडो आणि फिलाडेल्फिया तर एकापेक्षा जास्त वेळा. मॅचला सरासरी चारच्या आत पॉइंट. २००३ ला मिलवॉकीने रे ॲलन देऊन सिॲटलकडून गॅरी पेटन आणला, त्या एवढ्या गाजलेल्या ट्रेडमध्ये ऑली पण गेला, बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत.

सुरुवातीच्या वर्षांत असे खेळाडू जगतात १० दिवसांच्या कॉन्ट्रॅक्टवर. नियम असा की दहा दिवस किंवा तीन मॅच, यातलं जे जास्त होईल तेवढा काळ टीम तुम्हाला ठेवते, एका सीझनमध्ये एकच टीम असं दोनदाच करू शकते, त्यानंतर ठेवायचं असेल तर उरलेल्या सीझनसाठी सही, नाहीतर बॅग भरा. हे जानेवारीत सुरू होतं, म्हणजे टीमचा अर्धा सीझन झालेला असतो, सगळ्यांना सगळे प्ले येत असतात आणि तुम्ही रात्रीच्या विमानाने आलेला, सकाळी शूटअराउंडला, म्हणजे मॅचच्या दिवशीच्या हलक्या प्रॅक्टिसला उभे. असिस्टंट कोच शेजारी घेऊन भराभर सांगतो, संध्याकाळी मॅच.

एक बारीकशी गोष्ट दाखवतो म्हणजे हे किती अवघड ते कळेल. समोरचा गार्ड, म्हणजे बॉल हाताळणारा, बॉल घेऊन कोर्टच्या बाजूला, विंगवर आहे. त्यांचा सेंटर, म्हणजे उंच खेळाडू, त्याला स्क्रीन द्यायला वर येतोय, गार्डला त्या स्क्रीनचा वापर करून मधे घुसायचंय. आपण काय करायचं, तर गार्डला अडवणाऱ्याने पटकन अंग फिरवून बॉल आणि स्क्रीन यांच्या मधे उभं राहायचं, मधली वाट बंद, साइडलाइनकडची मोकळी. आणि आपला सेंटर खाली थांबून त्या मोकळ्या वाटेच्या तोंडाशी त्याची वाट बघतो. म्हणजे गार्डला जायला जागा दिल्यासारखी वाटते पण ती गल्ली बंद असते. बरेचजण याला आईस म्हणतात. पण दुसऱ्या टीममध्ये हेच ब्लू असतं, तिसऱ्या टीममध्ये डाऊन. आणि हे ओरडून सांगायचं काम मागे उभ्या सेंटरचं, कारण पुढच्याला मागून येणारा स्क्रीन दिसत नाही. आता तुम्ही गेल्या आठवड्यात ज्या टीममध्ये होतात तिथे ब्लू म्हणजे हे होतं आणि इथे ब्लू म्हणजे भलतंच काहीतरी, बॉम्ब फुटल्यासारखा सेंटर मागून ओरडतोय, तुम्ही अर्धा सेकंद विचार केलात की समोरचा लेअप मारून परत पण गेला. आणि दहाव्या दिवशी तुमचा हिशोब होतो तो अशाच अर्ध्या सेकंदांवर.

तर असा माणूस बारा टीममध्ये जगला याचा अर्थ त्याने नावं पाठ करणं सोडून दिलं आणि नावामागे काय चाललंय ते पकडायला शिकला. मधली वाट बंद करायची की मोकळी ठेवायची, मदतीला कोण येणार, तो आला की त्याचा माणूस कोण उचलणार. हे तीन प्रश्न कुठल्याही टीमला लागू. आणि कोचचं काम दुसरं काय असतं हो? दुसऱ्याच्या डोक्यातली गोष्ट पटकन समजून घेऊन तिसऱ्याला सोप्या शब्दांत सांगणं. शॅकला हे कधी करावंच लागलं नाही, टीम त्याच्याभोवती बांधली जायची, शिकायचं असायचं ते बाकीच्यांनी.

दुसरी गोष्ट स्वभावाची. स्टारच्या शेजारी उभं राहून त्याच्या कामी यायचं, त्याला खटकणार नाही अशा पद्धतीने त्याची चूक सांगायची, हे फिरस्त्याला जमावंच लागतं. ऑलीचा शेवटचा सीझन २००९-१० ओक्लाहोमाला. टीमचे स्टार पोरगेलेच, केविन ड्युरंट २१ वर्षांचा, वेस्टब्रुक तेवढाच, टीम आदल्या वर्षी २३ मॅच जिंकलेली. त्या वर्षी ५० जिंकल्या. आता ते ऑलीमुळे झालं असं म्हणणं म्हणजे थापा, तो खेळायचाच किती. पण ड्युरंटने नंतर जाहीरपणे त्याला श्रेय दिलंय की टीमला वळण लावलं ते या माणसाने, लवकर येणं, शरीराची काळजी, प्रॅक्टिसला कसं उभं राहायचं ते. ३७ वर्षांचा माणूस, ज्याला मिनिटं मिळणार नाहीत हे माहीत आहे, तो सगळ्यात आधी येऊन घाम गाळतोय म्हटल्यावर पोरांना काही बोलायची सोयच राहत नाही.

२०१० ला रिटायर झाला आणि यूकॉनला कॅल्हूनचा असिस्टंट म्हणून परत आला. २०११ ला यूकॉन चॅम्पियन, तो असिस्टंट. सप्टेंबर २०१२ ला कॅल्हून निवृत्त झाले आणि कॉलेजने ऑलीला हेड कोच केलं, पण कॉन्ट्रॅक्ट दिलं जेमतेम सात महिन्यांचं. बाहेर लोक म्हणत होते की हा अपमान आहे. ज्या माणसाने दहा-दहा दिवसांवर दिवस काढलेत त्याला सात महिने म्हणजे चैनच वाटली असणार. आणि परिस्थिती काय होती तर मुलांच्या अभ्यासाचे मार्क कमी म्हणून एनसीएएने, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या संस्थेने, टीमला त्या वर्षी पोस्टसीझन बंदी घातलेली. म्हणजे कितीही जिंका, मार्चमध्ये टूर्नामेंट नाही. काही मुलं सोडून गेली. शाबाझ नेपियर आणि रायन बोटराइट हे दोन गार्ड राहिले. बक्षीस काहीच नसताना ती टीम २० मॅच जिंकली, १० हरली. मला विचाराल तर २०१४ च्या टायटलपेक्षा हा सीझन ऑलीचं मोठं कोचिंग आहे. टायटलसाठी पोरं आपोआप पळतात. काहीच मिळणार नसताना मंगळवारच्या प्रॅक्टिसला पळवणं, ते एखाद्या सीबीए खेळलेल्यालाच जमेल, कारण त्याची सगळी उमर त्यातच गेली. एस्केलेटर नको, जिना चढा, असं तो मुलांना सारखं सांगायचा, आणि त्याच्या तोंडी ते शोभायचं.

मग २०१४. यूकॉन सातव्या सीडवर, म्हणजे मानांकनात खाली. पहिल्याच मॅचला सेंट जोसेफ्सविरुद्ध ओव्हरटाइमपर्यंत गेले, तिथे हरले असते तर आज आपण हे बोलत नसतो. मग व्हिलानोव्हा, आयोवा स्टेट, मिशिगन स्टेट, सेमीफायनलला फ्लोरिडा, जी सगळ्या टूर्नामेंटमधली एक नंबरची टीम होती, आणि फायनलला केंटकी. ६०-५४ ने जिंकले, नेपियरचे २२ पॉइंट. सातव्या सीडने टायटल घेण्याची ती पहिलीच वेळ. त्या फायनलचा एक आकडा मी माझ्या मुलांना नेहमी सांगतो. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर अडवणारं कुणी नसताना मारायचा शॉट. यूकॉन १० पैकी १०, केंटकी २४ पैकी १३. समोर उंच, दांडगी, पुढे एनबीएत जाणारी पोरं, आणि यांचे दोन बुटके गार्ड. सहा पॉइंटची मॅच आहे, आकडे स्वतःच बोलतात. पालक येऊन विचारतात ना की सर फ्री थ्रो इतके का मारून घेता, डंक कधी शिकवणार, त्यांना पण हेच सांगतो.

आता उतार. टायटलनंतर दोन वर्षांनी घसरण सुरू झाली, २०१६-१७ ला १६ जिंकल्या १७ हरल्या, पुढच्या वर्षी १४ आणि १८. मार्च २०१८ ला कॉलेजने काढलं, त्यात रिक्रूटिंगच्या नियमांची एनसीएए चौकशी. २०१९ ला एनसीएएने तीन वर्षांचं बंधन टाकलं, म्हणजे कुठल्याही कॉलेजला त्याला घ्यायचं तर आधी आपली बाजू मांडायला लागेल, थोडक्यात कुणी घेणार नाही. दुसऱ्या बाजूने कॉन्ट्रॅक्टचे पैसे बुडवले म्हणून ऑली भांडला आणि २०२२ च्या सुरुवातीला लवादाने त्याच्या बाजूने निकाल दिला, ११ मिलियन डॉलरहून जास्त. म्हणजे कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही. पण कोच म्हणून बघितलं तर मला त्यात एक गोष्ट दिसते. फिरस्ता माणूस टीम वाचायला शिकतो, खेळाडूला वाचायला शिकतो. कॉलेजचा हेड कोच म्हणजे त्याच्यावर आणखी चार धंदे असतात, १६-१७ वर्षांच्या पोरांच्या घरी जाऊन त्यांना आपल्याकडे वळवणं, कुणाला कधी फोन करायचा कधी नाही याचे नियम, मार्क, माजी विद्यार्थी, प्रेस. हे कुठल्याच बेंचवर शिकायला मिळत नाही. आणि ऑलीला ते शिकायला मिळाली फक्त दोन वर्षं. नंतर तो ओव्हरटाइम एलिट नावाच्या तरुण पोरांच्या लीगमध्ये गेला, मग ब्रुकलिन नेट्सला असिस्टंट, आणि फेब्रुवारी २०२४ ला जॅक व्हॉनला काढल्यावर उरलेल्या सीझनपुरता हेड कोच. जॅक व्हॉन पण असाच फिरून फिरून खेळलेला गार्ड, गंमत आहे.

याच्या उलट ल्यू. तो २००९ ला खेळायचा थांबला आणि डॉक रिव्हर्सकडे बोस्टनला गेला, मग त्यांच्याच मागे क्लिपर्सना, मग क्लीव्हलंडला डेव्हिड ब्लॅटचा असोसिएट. सहा वर्षांहून जास्त दुसऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत. जानेवारी २०१६ ला ब्लॅटला काढलं तेव्हा टीम ३० जिंकून ११ हरलेली, म्हणजे वाईट अजिबात नव्हती. आणि ब्लॅट काय साधा माणूस नव्हे, दीडेक वर्षापूर्वी युरोलीग जिंकून आलेला. पण टीमचा स्टार लेब्रॉन जेम्स, त्याच्यासारख्याला समोरासमोर बोलायचं म्हणजे वेगळं काम. ल्यूने ते केलं. फायनलला ३-१ ने मागे होते, समोर ७३ मॅच जिंकलेली गोल्डन स्टेट. सातव्या मॅचच्या हाफटाइमला त्याने लेब्रॉनला तोंडावर सुनावलं, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. ९३-८९, क्लीव्हलंडचं पहिलं टायटल. मला वाटतं तीन वर्षं शॅक-कोबीच्या ड्रेसिंग रूममध्ये वावरलेल्या माणसाला स्टारची भीती उरत नाही, तो स्टारला साधा माणूस म्हणून बघू शकतो. ज्याला ओलांडून गेलेला फोटो जगभर फिरतो त्याची तर आणखी काय इज्जत जायची राहिलीय!

स्टीव्ह कर पण याच जातीचा, १९८८ ला ५० व्या नंबरवर ड्राफ्ट, सहा टीम, बहुतेक काळ बेंचवरून उठून लांबून तीन पॉइंटचे शॉट मारणारा. त्याची मला आवडणारी गोष्ट २०१५ च्या फायनलची, तेव्हा तो गोल्डन स्टेटचा कोच. १-२ ने मागे असताना त्याने सेंटर बोगटला बसवून इग्वोडालाला पहिल्या पाचात आणलं, ज्याने पूर्ण सीझनमध्ये एकही मॅच सुरू केली नव्हती. टीम छोटी झाली, वेग आला, पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या आणि इग्वोडालाच फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात मोलाचा खेळाडू. ही आयडिया कुणाची? निक यूरेन नावाच्या तरुण असिस्टंटची, स्टाफमधला अगदी खालचा माणूस, रात्री जुने व्हिडिओ बघत बसलेला. करने जिंकल्यावर प्रेससमोर त्याचं नाव घेतलं. ज्याने स्वतः खालच्या जागेवरून खेळ बघितलाय तोच खालून आलेली गोष्ट ऐकतो, बाकीचे कोच मान हलवतात आणि विसरतात.

पण थांबा, यावरून फिरस्ता असणं पुरेसं असं समजू नका. जे दिसतात ते जमलेले. दहा दिवसांची कॉन्ट्रॅक्ट करून गायब झालेले शेकडो आहेत, त्यांची नावं कोण लिहितो. आणि ज्यांचं जमलं त्यांच्या खेळण्यानंतरच्या वर्षांत सगळी मेख आहे, परत तळापासून सुरुवात. डार्विन हॅम बघा, बॅकबोर्ड फोडणारा डंक मारला होता कॉलेजात, ड्राफ्ट नाही, २००४ ला डेट्रॉइटकडून टायटल, खेळायला स्पेन, पोर्टो रिको, फिलिपिन्सलाही गेला, मग डी-लीग नावाच्या एनबीएखालच्या लीगमध्ये असिस्टंट, मग लेकर्स, अटलांटा, मिलवॉकी, आणि २०२२ ला लेकर्सचा हेड कोच. दोन वर्षांत काढलं, तो भाग वेगळा, तिथे कोण टिकतं.

उलट जे कधीच एनबीए खेळले नाहीत असेही आहेत, आणि ते वाढतायत. एरिक स्पोलस्ट्रा जर्मनीत खालच्या डिव्हिजनला खेळला आणि १९९५ ला मायामीच्या व्हिडिओ रूममध्ये शिरला. मार्क डेगनॉल्ट यूकॉनला कॅल्हूनच्या टीमचा स्टुडंट मॅनेजर होता, म्हणजे टॉवेल-बाटल्यांपासून सगळं, आणि २०२५ ला ओक्लाहोमाने टायटल घेतलं ते त्याच्या हाताखाली. समोर इंडियानाचा रिक कार्लाइल, जो ऐंशीच्या दशकात लॅरी बर्डच्या बोस्टनमध्ये बेंचवर बसायचा. आणि बर्ड? तो पण कोच झाला होता की, तीन सीझन, पहिल्याच वर्षी कोच ऑफ द इयर, तिसऱ्या वर्षी फायनल. त्यामुळे स्टारला जमत नाही हा नियम नाही. पण बर्डने काय केलं तर आखणी कार्लाइलकडे दिली, डिफेन्स डिक हार्टरकडे, आणि स्वतः माणसं सांभाळली. उलट लेकर्सचाच जुना स्टार मॅजिक जॉन्सन, त्याने १९९४ ला लेकर्सच्या १६ मॅच घेतल्या, ५ जिंकल्या, शेवटच्या सलग दहा हरून सोडून दिलं. मॅजिकला जे दिसायचं ते पोरांना का दिसत नाही हेच त्याला कळत नसणार, आणि त्या जागी धीर लागतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आपल्याकडे असा फिरस्ता खेळाडू तयारच होत नाही. चांगला खेळलात की रेल्वे, बँक, कस्टम्स, ओएनजीसी, सर्व्हिसेस, कुठेतरी नोकरी लागते आणि माणूस निवृत्तीपर्यंत एकाच टीमचा. यात वाईट काही नाही, उलट मला तर याचाच आधार होता, घर चाललं त्यावर. पण परिणाम असा की आपल्या बहुतेक कोचना एकाच कोचची एकच पद्धत माहीत असते, टू-थ्री झोन (पुढे दोन, मागे तीन, माणूस न धरता जागा अडवायची) लावा आणि बॉल मिळाला की पळा. तेव्हा तुम्हाला टीम बदलून ते शिकता येणार नाही, कोच बदलून शिकावं लागेल. एक सीझन एका क्लबला असिस्टंट राहा, दुसरा दुसऱ्याकडे, मुद्दाम वेगळ्या विचाराच्या माणसाकडे. मुंबईत नागपाड्यासारख्या ठिकाणी जाऊन नुसतं कडेला उभं राहिलात तरी एकाच प्लेवर चार जुन्या खेळाडूंची चार मतं ऐकायला मिळतील, भांडणासकट.

एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे, तो करून टाका, कागद लागतोच. पण पहिल्याच वर्षी हेड कोच व्हायची घाई नको, ऑलीचं बघितलंत.

माझ्या बेंचवर एक सवय आहे, ती तुम्ही उचललीत तरी चालेल. मॅच चालू असताना मी बसलेल्या पोरांना मधेच विचारतो, त्यांच्या चार नंबरचे फाउल किती? टीम फाउल किती झाले? त्यांच्याकडे या हाफचे टाइमआउट किती उरले? पहिल्यांदा सगळे स्कोअरबोर्डकडे बघतात आणि माझ्या शिव्या खातात. काही मुलं महिन्याभरात न बघता सांगायला लागतात. त्यातलं एखादं पुढे जाऊन न विचारता सांगतं, सर चार नंबरचे चार झालेत, आता त्याच्यावर बॉल टाका, पाचवा काढू, म्हणजे तो बाहेर. हे पोरगं बहुतेक वेळा टीममधलं सगळ्यात चांगलं खेळणारं नसतं. त्याला मी पुढच्या मॅचपासून माझ्या शेजारी बसवतो, हातात बोर्ड देतो आणि टाइमआउटच्या त्या एका मिनिटातली दहा सेकंद त्याला बोलायला देतो. बोलताना घाबरतं, चुकीचा हात दाखवतं, पोरं हसतात. दोन-तीन टूर्नामेंटनंतर ते स्वतःहून मार्कर उचलतं.

तुम्ही जिथे असाल तिथे जिल्ह्याच्या मॅचना स्कोअर टेबलवर बसायला माणसं कमीच असतात, असोसिएशनला विचारा, आनंदाने बसवतील. स्कोअरशीट लिहिताना फाउल कुणाचा, कितवा, टाइमआउट कधी घेतला हे सगळं तुमच्याच हातून जातं, आणि दोन्ही कोच काय ओरडतायत ते समोरून ऐकू येतं, ते पण फुकटात. संध्याकाळी घरी येऊन एका क्वार्टरचे प्ले आठवतील तसे कागदावर काढून बघा. पहिल्यांदा दोन-तीन आठवतील.